आवाजाचं कार्ड

कुंदा गेल्याचा फोन तिच्या भाचीने, शीतलने केला. सकाळी दहाचा सुमार असेल. मी गॅसवर दूध ठेवून समोर उभी होते. "नलूमावशी, कुंदामावशी गेली. झोपेतच गेली. चहाला हाक मारली तर..."  मी म्हणाले, "अगं, गुरुवारीच तर बोललो आम्ही." जणू गुरुवारी बोललेल्या माणसाला शनिवारी जाता येत नाही. दूध उतू गेलं, ते पुसायचं राहिलं, आणि मी तशीच चप्पल घालून निघाले.

आता पाच आठवडे झाले. तिच्या सोसायटीच्या फळ्यावर लागलेल्या कागदात तिला 'मनमिळाऊ आणि परोपकारी' म्हटलं होतं. मनमिळाऊ ती मुळीच नव्हती. जे वाटेल ते तोंडावर बोलायची, लग्नाला गेली तर पहिल्या पंगतीला जेवून निघायची, कुणी रडायला लागलं की पाण्याचा पेला हातात देऊन बाजूला उभी राहायची. परोपकारी म्हटलेलं तर तिला अजिबात खपलं नसतं. "आत काय आहे ते बघायचं होतं, म्हणून केलं," एवढंच ती म्हणायची. आमच्या घरातल्या एका यंत्राच्या आत काय आहे ते तिने असंच बघितलं होतं. त्यातून पुढे जे झालं त्याबद्दल ती कधी कुणाशी बोलली नाही आणि मलाही बोलू दिलं नाही. आता मी सांगते.

बोरीवलीला स्टेशनपासून वीस मिनिटांवर आमची चार मजली बिल्डिंग होती. आम्ही पहिल्या मजल्यावर, कुंदा राणे दुसऱ्या. दोन्ही घरं मालवणकडची, दोन्ही बाप गिरणीतले, त्यामुळे जिना कधी मध्ये आला नाही. आम्ही एकाच वर्गात होतो. मी टायपिंग शिकून एका विमा कचेरीत चिकटले. कुंदा मॅट्रिक होऊन अंधेरीला इलेक्ट्रॉनिक्सच्या एका कारखान्यात लागली. तिथे शेकडो मुली ओळीने बसून सोल्डरिंग करायच्या. दोन वर्षांत तिला त्या ओळीतून उठवून आलेल्या मालाच्या तपासणीवर बसवलं, कारण तिची नजर. बाहेरून आलेले सुटे भाग भिंगाखाली धरायचे, त्यांच्यावरचे नंबर वाचायचे, पाय वाकलेले, चुकीचे, जुने बाजूला काढायचे, हे तिचं काम. काळ्या, झुरळाएवढ्या चौकोनी तुकड्यांना ती आयसी म्हणायची आणि त्यांच्याबद्दल माणसांसारखं बोलायची. "ह्याच्या पाठीवर चार आकडे आहेत ना, ती जन्मतारीख. पहिले दोन वर्ष, पुढचे दोन त्या वर्षातला आठवडा." मला ते आकडे धड दिसायचेही नाहीत.

आता माझ्या वडिलांबद्दल. अप्पा गिरणीच्या साचेखात्यात, म्हणजे मागांच्या खात्यात, विणकर होते. तीस वर्षं सगळे साचे एकदम चालू असलेल्या खात्यात उभं राहिल्याने त्यांचा आवाज घरातही खात्यातल्यासारखाच असे. ते आईला चहा मागत तो तिसऱ्या मजल्यावर ऐकू जाई. गिरण्यांच्या संपाच्या आधीच ते निवृत्त झाले, आणि ऐंशीच्या दशकाच्या मध्यावर कधीतरी त्यांचा घसा बसला तो सुटेना. तपासणीत कॅन्सर निघाला. ऑपरेशन झालं, अप्पा वाचले, पण स्वरयंत्र काढावं लागलं. गळ्याच्या खाली एक भोक राहिलं, त्यावर पातळ फडकं, आणि आवाज पूर्ण गेला. दवाखान्यातून येताना मी त्यांच्यासाठी पाटी घेतली. आम्ही तिघंही पाटीवर भागवू, असं मी धरून चालले होते. जिना चढताना माझ्या लक्षात आलं की आम्ही तिघं नाही, दोघंच भागवू. आईची नजर काचबिंदूने त्याआधी दोन वर्षांपासून गेलेली होती.

एकाला बोलता येत नाही आणि दुसरीला दिसत नाही, अशी ती दोन माणसं दिवसभर एका खोलीत बसायची. मी साडेआठला कामावर जायचे ती सहाला यायचे. अप्पा टाळी वाजवायचे, आई विचारायची, "चाय होयी?" एक टाळी म्हणजे हो, दोन म्हणजे नाही. पण आईने जे विचारलं त्यालाच टाळी वाजवता येते. आपण होऊन काही सांगायचं असेल तर टाळी काय कामाची... हळूहळू आईने विचारणं कमी केलं आणि अप्पांनी हात मांडीवर ठेवले. एका संध्याकाळी मी आले तर दोघं दोन भिंतींकडे तोंड करून बसली होती. मी दिवा लावला तरी कुणी हललं नाही.

त्याच सुमाराला अप्पांचा पुतण्या प्रभाकर आला. तो जहाजावर इंजिनखात्यात होता. अमेरिकेतल्या कुठल्याशा बंदरात त्याने जुना घरगुती कॉम्प्युटर विकत घेतला होता. टाइपरायटरसारखं दिसणारं मातकट रंगाचं धूड, त्याचा हिरव्या अक्षरांचा पडदा, आणि तिकडच्या विजेवर चालणारा असल्याने सोबत एक वजनदार ट्रान्सफॉर्मर. पुस्तक नाही, कागद नाही. चालू केलं की पडद्यावर नुसती किडामुंगी पसरायची आणि पुढे काही नाही. प्रभाकरच्या गिरगावच्या खोलीत पाय ठेवायला जागा नव्हती. "काकी, तुमच्याकडे राहू दे. पुढच्या खेपेला बघतो," म्हणून तो आमच्या पलंगाखाली सरकवून गेला. पुढची खेप म्हणजे वर्षभराने.

दुसऱ्याच रविवारी सकाळी कुंदा पिठाची चाळण परत द्यायला आली आणि तिला ते दिसलं. तिने चाळण माझ्या हातात दिली आणि पलंगाशी उकिडवी बसली.

"नली, हे कुणाचं?"

"प्रभाकरचं. बिघडलंय."

"उघडू?"

"दुसऱ्याची वस्तू आहे गं. आणखी बिघडलं तर?"

"बिघडू शकतं," ती म्हणाली. "पण माझ्या हातून नाही." आणि माझ्याकडे न बघता अप्पांकडे बघितलं. अप्पांनी कितीतरी दिवसांनी मांडीवरचा हात उचलून एक टाळी वाजवली.

तिने घरी जाऊन भिंग, चिमटा आणि बारीक स्क्रू-ड्रायव्हर आणला. हात साबणाने धुतले, खिडकीच्या लोखंडी गजाला तळवा लावला. अंगातली वीज आयसीला मारते, असं कारखान्यात शिकवलेलं. झाकण मागून उचलल्यावर निघालं. आत एक मोठा हिरवा बोर्ड आणि मागच्या बाजूला आठ खाचा. त्यातल्या चार खाचांत चार कार्डं उभी होती, बाकी रिकाम्या. मला वाटलं ही आता उपटायला लागेल. तिने कागद मागितला. आठ खाचा काढल्या, कुठल्या खाचेत कुठलं कार्ड, कुठली वायर कुठे, सगळं टिपून घेतलं, आणि मगच पहिल्या कार्डाला हात लावला.

पूर्ण कॉम्प्युटर तिने त्या दिवसापर्यंत पाहिलेला नव्हता, हे सांगायला हवं. तिला फक्त सुटे भाग माहीत होते. पहिलं कार्ड तिने उलटसुलट केलं. "ह्याला रुंद वायर, टोकाला मोठा जोड. एकदम बरीच अक्षरं बाहेर पाठवतंय. प्रिंटरचं असणार." दुसऱ्यावर खिळ्यांच्या दोन सारख्या जोड्या होत्या आणि त्यांच्याशी इंग्रजीत 'ड्राइव्ह एक' आणि 'ड्राइव्ह दोन' छापलं होतं. "हे तर नाव सांगूनच उभं आहे. फ्लॉपी तबकड्यांचं. तबकडीचं यंत्र आपल्याकडे नाही, बाजूला ठेव." तिसऱ्या कार्डापाशी ती अडली. त्यावर एकसारखे नऊ आयसी होते, आणि कार्डातून निघालेल्या चपट्या वायरीचं टोक खाली मोठ्या बोर्डावर आयसीच्या एका सॉकेटमध्ये घुसवलेलं होतं.

"ही मेमरी," ती म्हणाली. "खाली बघ, तेच नंबर आहेत. खाली आठ-आठच्या तीन रांगा. हे यंत्र एकदम आठ बोटांवर मोजतं, एकेक आयसी म्हणजे एकेक बोट. म्हणून आठ. पण मग इथे नऊ कशाला?" अप्पा खुर्ची ओढून जवळ आले होते. त्यांनी बोटाने खालच्या तिसऱ्या रांगेतले आयसी मोजले आणि कुंदाला सात बोटं दाखवली. जिथे आठवा असायचा तिथे ती चपटी वायर बसली होती. कुंदा हसली. "बरोबर अप्पा. नववा ह्या कार्डाचा नाहीच. वायरीला जागा करायला त्याला खालच्या पाटावरून उठवलं आणि वर आणून बसवलं."

त्या दिवशी दुपारी चार वाजेपर्यंत ती जेवायलाही उठली नाही. कार्ड काढून नववा आयसी तिने खाली त्याच्या जागी बसवला. यंत्र चालू केलं, पडद्यावर पुन्हा तीच किडामुंगी. मग तिने पहिली रांग आणि तिसरी रांग आपसात बदलली. एकेक आयसी दोन्ही टोकांनी आळीपाळीने हळूहळू उचकटायचा, एकही पाय वाकू द्यायचा नाही, दुसऱ्या जागी दाबून बसवायचा. चोवीसपैकी सोळा आयसी तिने असे हलवले. मी बटन दाबलं. टुक असा आवाज झाला, पडदा स्वच्छ झाला आणि कोपऱ्यात एक लहान चौकोन लुकलुकायला लागला. "सुरू व्हायला ह्याला पहिली रांग लागते. म्हणजे खराब रांग आता शेवटी गेली," कुंदा म्हणाली. "तिच्यातला एक जरी मेला असेल तरी अख्खी रांग बाद." कार्डावर आठ चांगले आयसी उरले होते, ते तिने त्या रांगेत बसवले. कार्ड रिकामं झालं आणि यंत्राची मेमरी पूर्ण भरली. खराब आठ तिने कापसावर ठेवून एका डबीत घातले आणि डबीवर प्रभाकरचं नाव लिहिलं.

राहिलं चौथं कार्ड. ते सगळ्यांत लहान. त्यावर बावीस पायांचा एक मोठा आयसी, जो कुंदाने आयुष्यात पाहिला नव्हता. शेजारी एक लहानसा आयसी, एक गोल पितळी खाच आणि बाहेर लोंबणाऱ्या दोन वायरी. ती बराच वेळ भिंगातून बघत राहिली. "हा लहानगा माझ्या ओळखीचा. रेडिओत असतो, आवाज मोठा करायला. आणि ही गोल खाच म्हणजे प्रीसेट, स्क्रू-ड्रायव्हरने पिळला की आवाज कमीजास्त. नली, हे कार्ड काहीतरी वाजवतं. पण काय वाजवतं ते ह्या मोठ्याला विचारलं पाहिजे." तिने मोठ्याचा नंबर तळहातावर पेनाने लिहून घेतला.

कारखान्यात इंजिनिअर साहेबांच्या कपाटात परदेशी कंपन्यांची जाडजूड पुस्तकं होती. साहेबांनी दोन पुस्तकं चाळली आणि नाद सोडला. कुंदाने विचारलं, "मी बघू का, मधल्या सुट्टीत?" ते हो म्हणाले. सात दिवस ती डबा न खाता ती पुस्तकं पानापानाने बघत होती. तिचं इंग्रजी बेताचं, पण नंबर वाचायला इंग्रजी लागत नाही. आठव्या दिवशी एका पुस्तकाच्या शेवटी जोडलेल्या पानांत तिला तो नंबर सापडला. ते पान तिने वहीत हाताने उतरवून घेतलं आणि संध्याकाळी थेट आमच्याकडे आली. मी नुकतीच कामावरून आले होते. वही माझ्यापुढे टाकून ती म्हणाली, "वाच गं. मला एकच शब्द नीट कळलाय."

वहीत चौसष्ट ओळी होत्या, शून्यापासून त्रेसष्टपर्यंत. प्रत्येक आकड्यापुढे एक ध्वनी. वर मथळा होता, त्याचा अर्थ असा, की हा आयसी माणसासारखं बोलतो.

मी तिच्याकडे बघितलं. ती माझ्याकडे नव्हती बघत. ती बघत होती खोलीच्या दोन टोकांना बसलेल्या अप्पांकडे आणि आईकडे. "इंग्रजी बोलत असेल," मी म्हणाले. "तुकडे आहेत नली, शब्द नाहीत," ती म्हणाली. "तुकड्यांना कुठली आलीये भाषा?"

पुढचे रविवार कसे गेले ते मला आजही क्रमाने आठवतं. साहेबांनी तिला सांगितलं होतं की प्रत्येक खाचेला यंत्रात सोळा घरं नेमून दिलेली असतात, योग्य घरात आकडा टाकला की कार्डाला तो पोचतो. कुठलं घर ते त्यांनाही माहीत नव्हतं. आम्ही सोळाही घरांच्या कड्या वाजवायचं ठरवलं. बंद पडलेल्या ट्रान्झिस्टरमधला स्पीकर कुंदाने त्या दोन वायरींना जोडला. "टायपिस्ट तू आहेस, कीबोर्ड तुझा," म्हणून मला बसवलं. नवव्या घरात आकडा टाकला आणि स्पीकरमधून 'ऊ' असा आवाज निघाला तो थांबेचना. ऊऊऊऊ... आतून आई ओरडली, "कोण गो ता?" मी घाबरून यंत्र बंद केलं. कुंदाने वही काढली. त्रेसष्टावर बोट ठेवून म्हणाली, "हा बघ. शेवटचा आकडा म्हणजे गप्प बस. तो टाकल्याशिवाय हा गप्प बसत नाही. आपल्या बिल्डिंग कमिटीच्या चेअरमनसारखा."

मग एकेक आकडा टाकायचा, आवाज ऐकायचा, आणि आमच्या कानांना जे अक्षर वाटेल ते वहीत देवनागरीत लिहायचं, असं चाललं. निकाल अप्पांचा. साचेखात्यात बोलणं ऐकू येत नाही, तिथली माणसं समोरच्याचे ओठ वाचतात. त्यामुळे कुठलं अक्षर तोंडात कुठे तयार होतं ते अप्पांना आमच्यापेक्षा चांगलं कळायचं. 'त' आणि 'ट'वरून कुंदाचं आणि त्यांचं तासभर वाजलं, ती तोंडाने आणि ते पाटीवर. इंग्रजी यंत्रात आपला 'त' नव्हताच. 'द'च्या जवळचा एक आवाज आखूड करून कुंदाने तो बनवला. 'ळ' काही जमेना. 'ल'च्या पाठोपाठ 'र'चा बारीक तुकडा लावला तेव्हा कुठे तो आला, तोही पडसं झालेल्या माणसासारखा. 'ण'ला तर उपायच निघेना. अप्पांनी पाटीवर लिहिलं, 'चलात,' म्हणजे चालेल.

कुंदा अप्पांशी कधी मोठ्याने किंवा सावकाश बोलली नाही. बाकी सगळे बोलायचे, जणू आवाज गेला म्हणजे कानही गेले. ती त्यांच्याशी चुकांवरून भांडायची, त्यांनी पाटीवर लिहिलेलं खोडायची. ऑपरेशननंतर अप्पांशी भांडणारं पहिलं माणूस तीच.

तिसऱ्या रविवारी अप्पांनी पाटीवर दोन शब्द लिहून आमच्यापुढे ठेवले. हेच पहिलं, असं खुणेने सांगितलं. आम्ही बारा आकडे जुळवले, हळू आवाजात दोनदा ऐकून पाहिले, एक आकडा बदलला. आई आतल्या खोलीत दाराशी बसून कापसाच्या वाती वळत होती. त्याला नजर लागत नाही. आम्ही काय करतोय ते तिला नीट सांगितलेलं नव्हतं, कारण जमेल याची खात्री नव्हती. कुंदाने प्रीसेट थोडा पिळून आवाज मोठा केला, आणि अप्पांचं बोट धरून बटनावर ठेवलं. दाबायचं त्यांनीच.

यंत्र म्हणालं, "ऐकलंस गो."

आवाज पत्र्याचा होता. त्याला ना वर ना खाली. पण आतून त्याच क्षणी, हातातलं काम न थांबवता, आईचं उत्तर आलं, "काय वो?"

मग तिचे हात थांबले.  अप्पांनी पुन्हा बटन दाबलं. "ऐकलंस गो." आई भिंत धरत उठली, बाहेरच्या खोलीत आली, आणि मांडीवरच्या वाती वाटभर सांडल्या. "ह्यो कोण मेलो बोलता?" ती म्हणाली. तिचा हात धरून मी तो अप्पांच्या हातावर ठेवला. अप्पांचं बोट अजून बटनावरच होतं, ते दाबलं गेल्याचं तिला हाताखाली कळलं, आणि तिसऱ्यांदा तो आवाज आला. आई खाली बसली. अप्पांचे खांदे हलत होते, पण रडण्याचाही आवाज त्यांना उरला नव्हता. मी रडत होते. कुंदा स्वयंपाकघरात गेली आणि पाण्याचे तीन पेले घेऊन आली.

त्यानंतर तिने आणि मी दोनशे-सव्वादोनशे शब्द बसवले. प्रत्येक शब्दाला एक आकडा, आकडा दाबला की यंत्र तो शब्द बोलायचं. यंत्र बंद केलं की सगळं पुसलं जायचं, म्हणून ते टेपरेकॉर्डरवर एका भजनाच्या कॅसेटवर साठवायचो आणि रोज सकाळी कामावर जायच्या आधी मी परत भरून ठेवायचे. अप्पांनी दोन महिन्यांत सगळे आकडे पाठ केले. गिरणीत कापडाचे नंबर असेच पाठ ठेवायचे ते. संध्याकाळी मी जिना चढायला लागले की वरून तो पत्र्याचा आवाज आणि आईचा आवाज आलटूनपालटून ऐकू यायचे. गावातल्या फणसावरून, मेहुण्याच्या लग्नातल्या चाळीस वर्षांपूर्वीच्या मानपानावरून त्यांची भांडणं पुन्हा सुरू झाली. एकदा अप्पांनी कुंदाला बोलावून पाटीवर नवा शब्द लिहून दिला, 'गप.' तिने तो इमानेइतबारे बसवला. दुसऱ्या दिवशी आईने तिला जिन्यात गाठलं. "चांगला शिकयलंस गो तेंका," आई म्हणाली. "आता माका पण एक बटन दी, तेंका गप करूचा." आई हसत होती. अप्पांच्या ऑपरेशननंतर मी तिला पहिल्यांदा तशी हसताना पाहिलं.

असे आठ महिने मिळाले. मग अप्पांचं दुखणं उलटलं. शेवटच्या आठवड्यात त्यांना बटन दाबायचं बळ नव्हतं, आई त्यांचा हात हातात घेऊन नुसती बसायची. ते गेले तेव्हा ती शेजारीच होती.

बाराव्यानंतर मी आईला विचारलं, "आई, ते लावू? ऐकायचंय?" मला वाटलं होतं ती हो म्हणेल. ती म्हणाली, "नको गो. दाबणारो गेलो. आता तेंच्या मागे तेंका बोलूक लावू नको." मी हे कुंदाला सांगितलं.  "काकी बरोबर बोलल्या," म्हणाली. प्रभाकर त्या महिन्यात यायचा होता. कुंदाने तो पहिल्या दिवशीचा कागद काढला आणि कार्डं होती त्याच खाचांत बसवली. खालची रांग मात्र चांगलीच राहू दिली. प्रभाकर आला तेव्हा यंत्र सुरू होत होतं. खराब आयसींची डबी त्याच्या हातात देऊन तिने काय काय केलं ते सगळं त्याला सांगितलं, अप्पा त्यावर काय बोलायचे ते मात्र सांगितलं नाही. तो मला बाजूला घेऊन म्हणाला, "ही शिकलेली आहे कुठे?" मी म्हणाले, "मॅट्रिक." त्याचा विश्वास बसला नाही.

त्या आठ महिन्यांचं कुंदाने पुढे काही भांडवल केलं नाही. साहेबांनी तिला कचेरीत मोठ्या जागेसाठी अर्ज करायला सांगितलं, तिथे इंग्रजीत मुलाखत होती, ती नापास झाली. मला फार लागलं, तिला फारसं नाही. "त्यांना बोलणारी पाहिजे होती," एवढंच म्हणाली. नंतर कारखान्यात मशीन आली, मुलींच्या ओळी उठल्या, त्यात तीही उठली. तिने मालाडला मार्केटच्या मागच्या गल्लीत एक खोली घेतली. रेडिओ, टीव्ही, पुढे कॉम्प्युटर, कानाची यंत्रं, जे येईल ते ती दुरुस्त करायची. कारखान्यातून घरी बसलेल्या कितीतरी मुलींना तिने तिथेच शिकवलं. लग्न केलं नाही. आम्ही दोघी वेगवेगळ्या उपनगरांत गेलो, तरी गुरुवारचा फोन चुकला नाही. मी कधी अप्पांचा विषय काढला की ती म्हणायची, "सोड ना. तो 'ण' नाही जमला तो नाहीच जमला."

ती गेल्यावर शीतलला वाटलं होतं की मालाडची खोली लगेच बंद करावी. कुलूप उघडलं तर मांडणीवर दुरुस्त करून ठेवलेल्या अठरा वस्तू निघाल्या. प्रत्येकीला दोऱ्याने कागदाची चिठ्ठी बांधलेली, त्यावर कुंदाच्या अक्षरात मालकाचं नाव आणि काय बिघडलं होतं ते. काही चिठ्ठ्यांवर खाली आणखी एक ओळ. 'पावसाळ्यात खिडकीपासून लांब ठेवा.' 'बटन हळू दाबा, नवीन आहे.' शीतलची नोकरी आहे, तिला वेळ नाही. म्हणून मी रोज अकरा ते एक त्या खोलीत जाऊन बसते. कुणी येतं, वस्तू ओळखून घेऊन जातं. आज तीन उरल्यात.

परवा गोराईहून एक बाई आल्या, तरीने खाडी पार करून, हातात माशांची रिकामी पाटी. त्यांच्या नवऱ्याचं कानाचं यंत्र दोन महिन्यांपूर्वी दिलेलं. दारातूनच त्यांनी विचारलं, "बाई आहेत का?"

मी मांडणीवरून ती पुडी काढली आणि चिठ्ठी वाचून खात्री करून घेतली.

"बाई नाहीत," मी म्हणाले. "पण तुमचं काम करून ठेवलंय त्यांनी."